श्वास मंदावला तर निरोप कुणाला जावा?

कातरवेळ

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते. आज बसतेच.

माझ्या दादाचं पाठीचं ऑपरेशन झालं. दुखणं थांबायला गोळ्या मिळाल्या, ओपिऑइड जातीच्या, म्हणजे अफू-मॉर्फिनच्या कुळातल्या. दुखणं गेलं, गोळ्या गेल्या नाहीत. मधली वर्षं सविस्तर लिहीत नाही, ज्यांच्या घरात हे घडलंय त्यांना सांगायची गरज नाही. एका रात्री पाणी प्यायला उठले तर त्याच्या खोलीतून घोरण्याचा आवाज येत होता. जड, मध्येच थांबणारा, घशात काही अडकल्यासारखा. मला वाटलं, चला, कितीतरी दिवसांनी गाढ झोपलाय. आत गेले, पायाशी पडलेली चादर त्याच्या अंगावर ओढली, दिवा मालवला आणि आवाज होऊ नये म्हणून दार हळूच लोटून घेतलं. सकाळी तो गेलेला होता.

तो आवाज झोपेचा नव्हता, हे मला नंतर एका नर्सनं सांगितलं. तेव्हापासून मी ओव्हरडोस ओळखणाऱ्या उपकरणांबद्दल मिळेल ते वाचतेय. बोटातले सेन्सर, छातीवरच्या पट्ट्या, फोनमधली ॲप, भिंतीवरची बटणं, खूप काही निघालंय. पण वाचताना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा आठवते. दादा जायच्या सहा महिने आधी मी त्याच्यासाठी फोनला जोडता येणारा बोटातला ऑक्सिमीटर आणला होता. त्यानं तो हातात फिरवून पाहिला आणि विचारलं, "ऑक्सिजन कमी झाला तर निरोप कुणाला जाणार?" मी म्हटलं, मला. "मग नको," म्हणाला आणि ड्रॉवरमध्ये ठेवून दिला.

मला तेव्हा राग आला होता. आता समजून घ्यायचंय. अशी उपकरणं माणसं का स्वीकारतात, का नाकारतात? वैद्यकातले लोक, उपकरणं बनवणारे, आणि ज्यांनी हे स्वतः भोगलंय ते, सगळ्यांनी लिहा. सल्ले दिलेत तरी चालतील, फक्त दादाला नावं ठेवू नका.

---

निद्रापाल

कातरवेळताई, आधी एक सांगतो. त्या आवाजाला फसलेल्या तुम्ही एकट्या नाही. मी भूलतज्ज्ञ आहे, आमच्या शिकवणीत हा आवाज मुद्दाम ऐकवतात, कारण नवशिके डॉक्टरही त्याला झोप समजतात. जीभ आणि घसा सैल पडून हवेची वाट अरुंद होते, त्याचा तो आवाज. तुमच्या हातून दुर्लक्ष झालं नाही. तुम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं.

आत काय होतं ते थोडक्यात. मेंदूच्या तळाशी, ब्रेनस्टेममध्ये, श्वासाची लय ठरवणारी केंद्रं असतात. रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढला की ती 'श्वास घे' म्हणून टोचणी देतात. ओपिऑइड ही टोचणीच बोथट करतं. माणूस तडफडत नाही, झटापट करत नाही. श्वास मिनिटाला चौदाचे दहा होतात, दहाचे सहा होतात, मग थांबतात. म्हणून शेजारच्या खोलीतल्या माणसालाही पत्ता लागत नाही. श्वास पूर्ण थांबल्यावर मेंदूला इजा व्हायला चार-पाच मिनिटं पुरतात.

आणि यावर औषध आहे, हेच जास्त जीवाला लागतं. नॅलॉक्सोनचं पेटंट १९६१ चं, अमेरिकेत मान्यता १९७१ ची, जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते १९८३ पासून आहे. नाकात फवारलं तरी दोन-तीन मिनिटांत परिणाम दिसतो. ज्याच्या शरीरात ओपिऑइड नाही त्याला ते दिलं तर जवळपास काहीच होत नाही. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेत त्याचा नाकातला फवारा डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी मिळाली. औषध आहे, वेळही थोडी का होईना असते. नसतं ते शेजारी कुणी जागं माणूस. ही सगळी उपकरणं त्या माणसाची जागा भरायला आली आहेत.

---

सर्किटवाला

धागा काढल्याबद्दल आभार. मी सेन्सरवर काम करतो (या विषयातल्या कुठल्या कंपनीशी संबंध नाही), त्यामुळे तांत्रिक बाजू मांडतो.

ओळखण्याचं काम बऱ्यापैकी जमलंय. सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या लोकांनी २०१९ मध्ये साध्या फोनला सोनार बनवलं. फोन कानाला ऐकू न येणारा आवाज सोडतो, तो छातीवर आपटून परत येतो, त्यावरून श्वास मोजतो. सुमारे तीन फुटांवरून जमतं, अंगाला काही लावावं लागत नाही. व्हँकूव्हरमध्ये २००३ पासून चालणारं 'इनसाइट' नावाचं केंद्र आहे, तिथे लोक प्रशिक्षित माणसांच्या देखरेखीखाली इंजेक्शन घेतात. तिथे हे तपासलं. शिवाय ऑपरेशन थिएटरमध्ये भूल देताना ओव्हरडोससारखी स्थिती आणून पाहिली, तेव्हा २० पैकी १९ वेळा ॲपनं बरोबर ओळखलं.

त्याच विद्यापीठानं २०२१ मध्ये पोटावर लावायचं यंत्र दाखवलं. श्वास आणि हालचाल थांबली की ते स्वतःच नॅलॉक्सोन टोचतं, माणूस लागतच नाही. शौचालयांत उलटे मोशन सेन्सर बसवतात, म्हणजे हालचाल झाल्यावर नव्हे, थांबल्यावर वाजणारे. बॉस्टनमध्ये बेघरांसाठीच्या एका आरोग्यकेंद्रात हा प्रयोग गाजला. २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं खास ओपिऑइडसाठीच्या, बोटावर लावायच्या सेन्सरलाही मान्यता दिली.

पण एक कबुली. आम्ही तंत्रज्ञ १९८९ साली फ्रेड डेव्हिसनं मांडलेल्या 'स्वीकृती'च्या सिद्धांतावर वाढलेले आहोत. उपयोगी वाटलं आणि वापरायला सोपं वाटलं की माणूस स्वीकारतो. ऑफिसच्या संगणकांसाठी केलेला विचार होता तो. तुमच्या दादानं उपयोग नाही म्हणून किंवा अवघड आहे म्हणून नकार दिलाच नाही. त्यानं तिसरंच विचारलं. आमच्या डिझाइनच्या कागदांत त्या प्रश्नाला रकानाच नसतो.

---

शंकासुर

सगळ्यांच्या भावनांचा आदर ठेवून विचारतो, मला खरंच पडलेला प्रश्न आहे. अशी जाळी खाली धरली तर गर्दुल्ले जास्तच उडी मारणार नाहीत का? वाचवायला यंत्र आहेच, मग सोडायचं कशाला? व्यसनमुक्तीवर जोर द्यायचा सोडून आपण उपकरणांत वेळ घालवतोय असं वाटतं.

---

पुन्हा_उजाडलं

शंकासुर, आधी तो शब्द काढा. मी त्यातलाच एक होतो. सोडून साडेपाच वर्षं झाली.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर नॅलॉक्सोन मिळालेल्या कुणालाही विचारा. मला दोनदा मिळालंय. ते वाचवतं म्हणजे नेमकं काय करतं? अंगातलं सगळं ओपिऑइड मेंदूच्या कुलुपांतून एका झटक्यात उपटून काढतं. डोळे उघडतात तेव्हा थंडीनं दात वाजत असतात, पोटात पिळा, उलटी, हाडं कुणीतरी कुटतंय असं वाटतं. मी शुद्धीवर आलो आणि ज्यानं वाचवलं त्यालाच शिवी दिली. याच्या भरवशावर कुणी दोन थेंब जास्त घेत नाही हो. आणि सोडण्याबद्दल म्हणाल, तर दोन्ही वेळा मेलो असतो तर आज सोडलेला नसतो.

आता उपकरणांवर येतो. सर्किटवाला म्हणतात ते आपोआप टोचणारं यंत्र मी त्या काळात लावलं असतं का? नाही. मरायची हौस होती म्हणून नाही. मी नुसता गुंगीत असताना त्यानं चुकून टोचलं असतं तर पुढचा तासभर नरक. आमच्यात एक गोष्ट सगळ्यांना माहीत होती: पेंगत असलेला माणूस आणि मरत असलेला माणूस यांत फरक असतो, आणि तो फरक आपल्यातलाच माणूस ओळखतो. खांदा हलवतो, नावानं हाक मारतो, छातीच्या हाडावर मूठ घासतो. पापणी हलली की सोडून देतो. यंत्र टोचण्याआधी हाक मारणार असेल तर बोलू. आधी फोन थरथरू दे, मग मोठ्यानं वाजू दे, मला 'जागा आहे' म्हणून बटण दाबायला वेळ मिळू दे. मगच पुढचं.

पण खरी अडचण तीही नव्हती. ती कातरवेळताईंच्या दादानं विचारली तीच. निरोप कुणाला?

ॲम्ब्युलन्स म्हटलं की मागून पोलीस. पोलीस म्हटलं की भाड्याची खोली गेली, नोकरी गेली, लहान मूल असेल तर तेही जाईल अशी भीती. घरच्यांना निरोप म्हटलं की ज्यांच्यासमोर अजून थोडं तोंड उरलंय तेही संपलं. माझ्या आईला मी महिनाभर 'सोडलंय' म्हणून सांगत होतो. तिच्या फोनवर मध्यरात्री माझ्या श्वासाचा आकडा आला असता तर? त्यापेक्षा मी बाथरूमची कडी लावणं पसंत केलं. हे मूर्खपणाचं वाटेल, पण त्या क्षणी लाज ही मरणापेक्षा जवळची असते.

मी ज्याला माझा निरोप जाऊ दिला असता असा एकच माणूस होता. माझ्यासोबत घेणारा. तो काही विचारणार नव्हता, फक्त येणार होता.

---

मोरपीस

वाचतेय. डोळे भरून आले. +१ शेवटच्या परिच्छेदाला.

---

कायदेकानू

पोलिसांच्या भीतीबद्दल. ही भीती कायदे करणाऱ्यांनाही मान्य आहे, म्हणून काही ठिकाणी वेगळे कायदे झाले. अमेरिकेत न्यू मेक्सिकोनं २००७ मध्ये पहिल्यांदा असा कायदा केला की ओव्हरडोससाठी मदत मागणाऱ्यावर जवळ अमली पदार्थ बाळगल्याचा खटला चालणार नाही. कॅनडानं २०१७ मध्ये देशभरासाठी केला. पण कॅनडाचं संरक्षण साधं बाळगण्यापुरतं आहे. दुसऱ्या गुन्ह्यात जुनं वॉरंट असेल तर ते तसंच राहतं, विक्रीचा आरोपही सुटत नाही. आता गुंगीतल्या माणसाच्या शेजारी बसलेला घाबरलेला मित्र या पोटकलमांचा हिशोब करणार का? तो एवढंच म्हणतो, 'येतात ते पोलीसच.'

त्यामुळे उपकरणाची स्वीकृती उपकरणात नसते, ती त्या भागातल्या कायद्यात आणि त्याहून जास्त तिथल्या अनुभवात असते. पोलिसांनी एकदा जरी मदतीच्या फोनवरून कुणाला उचललं, तरी ती गोष्ट दहा वर्षं सांगितली जाते.

आणखी एक, नोंदी. कुठल्या वेळी, कुठल्या खोलीत, किती मिनिटं श्वास मंद होता, हे सगळं कुठल्यातरी सर्व्हरवर साठतं. ते कोण मागू शकतं? विमा कंपनी? घटस्फोटाच्या खटल्यातला वकील? याचं उत्तर पहिल्या पानावर साध्या भाषेत लिहिलेलं नसेल तर मी माझ्या अशिलाला ते ॲप वापर म्हणणार नाही.

---

मावशी६१

मी जरा वेगळ्या बाजूनं लिहिते. आमच्या यांना कर्करोग होता, शेवटचे पाच महिने घरी मॉर्फिन चालू होतं. मुलांनी काळजीनं बोटात सेन्सर लावला. पहिल्या रात्री तो अकरा वेळा वाजला. बोटं गार पडली की आकडा चुकायचा. प्रत्येक वेळी मी धडपडत उठायची, हे डोळे उघडून बघायचे. पहाटे यांनी स्वतःच ओढून काढला आणि म्हणाले, "मला झोपू दे, तूही झोप."

मुलं रागावली. मी यांच्या बाजूनं होते. मला सांगायचंय ते एवढंच की मॉर्फिन म्हटलं की सगळ्यांना एका तागडीत तोलू नका. असे धागे वाचून कुणी दुखणाऱ्या माणसाचं औषध कमी करू नये.

---

निद्रापाल

मावशी, अगदी योग्य वेळी बोललात. वेदनेसाठी मोजून, हळूहळू वाढवलेलं मॉर्फिन ही वेगळी गोष्ट आहे. अखेरच्या दिवसांत श्वास मंदावणं हा आजाराचाच भाग असतो. तिथे नॅलॉक्सोन बिनविचार दिलं तर दाबून ठेवलेली सगळी वेदना एकदम उसळते. त्या घरी काय करायचं हे त्यांच्या डॉक्टरांशी आधी बोलून ठरवावं.

खोट्या घंटांचा प्रश्न रुग्णालयातही तसाच आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'प्रॉडिजी' या अभ्यासात वॉर्डात ओपिऑइड घेणाऱ्या तेराशेहून जास्त रुग्णांवर अखंड लक्ष ठेवलं, तर ४६ टक्के रुग्णांत कधी ना कधी श्वास दबल्याचे प्रसंग दिसले. म्हणजे अधूनमधून येऊन नाडी बघून जाण्यात खूप काही निसटतं. पण प्रत्येक वेळी घंटा वाजवली तर तिसऱ्या दिवशी नर्सच्या कानांना ती ऐकूच येईनाशी होते.

सर्किटवाल्यांसाठी दोन गोष्टी. ऑक्सिमीटर हा उशिरा बोलणारा साक्षीदार आहे. वरून ऑक्सिजन चालू असेल तर श्वास धोकादायक मंद होऊनही आकडा ९८ दाखवत राहतो. दुसरं, गडद त्वचेवर तो चुकतो. २०२० च्या एका अभ्यासात ऑक्सिमीटर ठीक आकडा दाखवत असताना रक्तात ऑक्सिजन प्रत्यक्षात कमी असल्याचं कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के वेळा आढळलं, गोऱ्यांत ३.६ टक्के. ज्याच्या कातडीवर यंत्र खोटं बोलतं त्यानं त्यावर विश्वास का ठेवावा? हाही स्वीकृतीचाच प्रश्न आहे.

---

शंकासुर

पुन्हा_उजाडलं, तो शब्द मागे घेतो. मनापासून माफी. जाळीचा मुद्दाही तुमच्या अनुभवापुढे टिकत नाही.

एक प्रामाणिक शंका राहतेच. सगळ्यात जास्त धोका नक्की कुणाला? सगळ्यांनाच यंत्र लावायचं की काही जणांना?

---

पुन्हा_उजाडलं

माफी कसली, विचारलंत हे बरं.

सगळ्यात जास्त धोका ज्यानं नुकताच खंड पाडलाय त्याला. तुरुंगातून, रुग्णालयातून, व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर आलेला. शरीराची सवय मोडलेली असते, पण हाताला जुनंच माप आठवतं. वॉशिंग्टन राज्यातल्या तुरुंगांतून सुटलेल्यांचा २००७ मध्ये आलेला अभ्यास आहे. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत ओव्हरडोसनं मरण्याचा धोका इतरांच्या १२९ पट होता. माझा दुसरा ओव्हरडोस केंद्रातून बाहेर पडल्यावर नवव्या दिवशी झाला. बाहेर पडताना माझ्या हातात फाइल होती, वेळापत्रक होतं, प्रार्थनेचं पुस्तक होतं. नॅलॉक्सोन नव्हतं. 'आता तुला लागणार नाही ना,' असं तिथल्या बाईंनी प्रेमानं म्हटलं होतं.

दुसरा धोका एकट्यानं घेणाऱ्याला. कॅनडात २०२० मध्ये एक फोनसेवा सुरू झाली. घेण्याआधी फोन लावायचा, पलीकडचा माणूस गप्पा मारत राहतो, हाकेला उत्तर आलं नाही तर ठरल्याप्रमाणे मदत पाठवतो. त्यात सेन्सर नाही, काही नाही. पण पलीकडे बरेचदा ज्यानं स्वतः हे पाहिलंय असा माणूस असतो. मला विचाराल तर हेच सगळ्यात पुढारलेलं तंत्रज्ञान आहे.

---

सर्किटवाला

हे वाचून मी इथल्याइथे एक आराखडा मांडतो, चूक असेल तर झोडपा. निरोप एकदम बाहेर जायचा नाही, पायऱ्यांनी जायचा. आधी त्या माणसालाच हाक. उत्तर नाही आलं तर त्यानं स्वतः निवडलेल्या एका माणसाला. तो ठरावीक वेळेत 'निघालो' म्हणाला नाही तरच ॲम्ब्युलन्स, आणि निरोपात फक्त 'श्वास थांबलाय, या पत्त्यावर या'. नोंदी फोनमध्येच राहतील आणि ठरावीक तासांनी पुसल्या जातील.

---

निद्रापाल

पायऱ्या मान्य, घड्याळ मान्य नाही. श्वास थांबल्यावर चार-पाच मिनिटं म्हटलं ना मी. निवडलेला माणूस वीस मिनिटं लांब राहत असेल तर ती निवड कितीही प्रेमाची असली तरी उपयोगाची नाही. प्रत्येक पायरीला सेकंद लावा, मिनिटं नाही. आणि त्या माणसाजवळ फवारा हवा, तोंडानं श्वास देता यायला हवा, दर पाच सेकंदांनी एक. नुसता निरोप मिळून भागत नाही.

---

पुन्हा_उजाडलं

डॉक्टरांशी सहमत. म्हणूनच वसतिगृहांत, निवाऱ्यांत भिंतीवरचं साधं बटण ॲपपेक्षा जास्त चालतं. व्हँकूव्हरमध्ये अशी बटणं बसवली आहेत. दाबलं की इमारतीतलाच कर्मचारी येतो, जिना चढायला लागतो तेवढाच वेळ. फोन तर आमच्यातल्या अर्ध्यांकडे नसायचाच. असला तरी चार्ज नसायचा, नाहीतर विकलेला असायचा.

---

मावशी६१

पुन्हा_उजाडलं, बाळा, तुझ्या आईला आता सगळं माहीत आहे का?

---

पुन्हा_उजाडलं

हो मावशी. फवारा तिच्या पर्समध्ये असतो. मी सांगितलं नव्हतं, तिनं स्वतः विचारलं, "मी जवळ ठेवला तर तुला चालेल का?"

---

कातरवेळ

सगळे प्रतिसाद दोन-दोनदा वाचले. काल ड्रॉवर उघडला. तो ऑक्सिमीटर तिथेच होता, डबीत. माझ्या जुन्या फोनमध्ये त्याचं ॲपही अजून होतं. आपत्कालीन संपर्काच्या रकान्यात एकच नंबर होता, माझा. तो मीच भरून मग दादाच्या हातात ते दिलं होतं. त्याला विचारावं हे सुचलंच नव्हतं. त्याचा एक मित्र दोन गल्ल्या सोडून राहायचा, मला न आवडणारा. विचारलं असतं तर दादानं त्याचं नाव सांगितलं असतं, हे आता कळतंय. मी ते चालवून घेतलं असतं का, ते मात्र सांगता येत नाही.

निद्रापाल, एक व्यावहारिक प्रश्न. हे भोगलेल्या घरांचा आमचा एक गट आहे, त्यात आता सात घरं आहेत. फवारा दिल्यावर माणूस शुद्धीवर आला तर आपण जायला मोकळे का?

---

निद्रापाल

नाही, तिथेच थांबायचं. नॅलॉक्सोनचा असर साधारण अर्धा ते दीड तास, पण आत असलेलं ओपिऑइड त्याहून जास्त वेळ टिकू शकतं. औषध उतरलं की श्वास पुन्हा दबतो. कुशीवर झोपवा, वरचा पाय गुडघ्यात वाकवून पुढे, म्हणजे उलटी झाली तरी घशात जाणार नाही. दोन-तीन मिनिटांत श्वास सुधारला नाही तर दुसरा फवारा दुसऱ्या नाकपुडीत. ॲम्ब्युलन्स बोलवा, आणि येईपर्यंत त्याच्याशी बोलत राहा. तो चिडेल, शिव्या देईल, उठून जायला बघेल. सात घरांना एकत्र बसवून हे करून दाखवायचं असेल तर मला निरोप करा, तासाभराचं काम आहे.

---

कातरवेळ

केलाय निरोप. पुन्हा_उजाडलं, तुम्हीही याल का? डॉक्टर फवारा शिकवतील. छातीच्या हाडावर मूठ कशी घासायची आणि हाक कशी मारायची, ते तुमच्याकडून शिकायचंय.